जुन्या इमारती, जुन्या पाट्या व छायाचित्रें

मनुष्याचा असा स्वभाव आहे कीं, जी वस्तु रोज डोळ्यांपुढें असते तिजकडे तो क्वचितच लक्षपूर्वक पाहतो. ज्या रस्त्यानें आपण दहा वर्षें शाळेंत गेलों त्या रस्त्यावरील एखादें जुनें घर एके दिवशीं पाडलें जातें, वर्षाच्या आंत तेथें नवी इमारत उभी राहते, आणि मग पूर्वीच्या घरास खिडक्या किती होत्या, दारावर कोणतें नांव कोरलें होतें, भिंतीचा रंग पिवळा होता कीं पांढरा, असें कोणी विचारलें तर आपणांस छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. राजवाडे, किल्ले व लेणीं यांच्या रक्षणासाठीं सरकारी खातीं आहेत. त्यांवर ग्रंथही पुष्कळ आहेत. परंतु सामान्य लोकांचीं घरें, दुकानें, चित्रपटगृहें, खाणावळी, पेट्रोलचे पंप आणि त्यांवरील पाट्या यांचा वाली कोण? गेल्या पावणेदोनशें वर्षांत ज्या कांहीं लोकांनीं कॅमेरा हातीं घेऊन हें काम अंगावर घेतलें त्यांची माहिती देण्याचा, आणि तेंच काम आमच्या विद्यार्थ्यांस कसें करतां येईल हें सांगण्याचा, ह्या लेखांत आमचा विचार आहे.

छायाचित्रकला आणि इमारती यांचा संबंध अगदीं जन्मापासूनचा आहे. कॅमेऱ्यानें घेतलेलें जें सर्वांत जुनें चित्र आज शिल्लक आहे तें फ्रान्समधील निसेफोर न्येप्स नामक गृहस्थानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या माडीच्या खिडकींतून घेतलें. त्यांत आजूबाजूचीं छपरें व भिंती अंधुक दिसतात. पुढें १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसमधील एका हमरस्त्याचें चित्र घेतलें. रस्त्यावर गाड्याघोड्यांची वर्दळ असली पाहिजे. पण कांहीं मिनिटें प्रकाश पडल्यावांचून चित्र उमटत नसल्यामुळें जें जें हलत होतें तें तें चित्रांतून नाहींसें झालें. एक मनुष्य जोडे पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिला होता, तो तेवढा उमटला. घरें मात्र खिडक्याखिडक्यांसह स्पष्ट आलीं. इमारत हलत नाहीं, म्हणून ती ह्या नव्या कलेचा पहिला विषय झाली. पण न हलणारी इमारत कायमची असतेच असें नाहीं, हें लोकांच्या ध्यानांत यावयास फार काळ लागला नाहीं.

ह्या जाणिवेनें पहिलें मोठें काम फ्रान्समध्येंच झालें. तेथें ऐतिहासिक वास्तूंची देखरेख करणारें एक सरकारी मंडळ होतें. जुन्या वास्तूंची डागडुजी कोठें व किती करावयाची हें ठरविण्यापूर्वीं त्यांची खरी स्थिति कागदावर असावी, म्हणून ह्या मंडळानें १८५१ सालीं बाल्द्यू, बायार, ल ग्रे, ल सेक व मेस्त्राल ह्या पांच छायाचित्रकारांस देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठविलें. यरुशलेमचा तट बांधावयास घेण्यापूर्वीं नहेम्यानें रात्रीच्या वेळीं फिरून पडक्या भिंतींची पाहणी केली, तसाच हा क्रम होता: आधीं पाहणी, मग बांधणी. कार्कासोन येथील मध्ययुगीन तटबंदीचा पुढें व्हिओले-ल-द्यूक ह्या वास्तुशास्त्रज्ञानें जीर्णोद्धार केला. आज तेथें जाणाऱ्यास जो सुबक तट दिसतो त्यांतील जुना भाग कोणता व नवा कोणता हें ताडून पाहण्यास ल ग्रे व मेस्त्राल यांनीं आधीं घेतलेलीं चित्रें उपयोगी पडतात.

आपल्या देशांतही ही कला लवकरच आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते, व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे स्वतः चांगले छायाचित्रकार होते. १८५५ सालीं कंपनी सरकारनें कॅप्टन बिग्ज ह्या तोफखान्यावरील अधिकाऱ्यास विजापूर, बदामी, ऐहोळे इत्यादि ठिकाणच्या वास्तूंचीं चित्रें घेण्याच्या कामीं नेमलें. ह्याच सुमारास रॉबर्ट गिल हे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगांत प्रती करीत होते. वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें लावल्या होत्या. १८६६ सालीं तेथें आग लागली व त्यांतील बहुतेक जळून खाक झाल्या. गिल यांनीं कॅमेऱ्यानें घेतलेलीं लेण्यांचीं चित्रें मात्र १८६४ सालींच पुस्तकरूपानें निघालीं होतीं. त्यांच्या प्रती अनेकांच्या हातीं गेल्या असल्यामुळें तीं टिकलीं. एकाच जागीं ठेवलेली एकच प्रत किती असुरक्षित असते ह्याचें हें उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

वरील सर्व वास्तु मोठ्या योग्यतेच्या होत्या. साध्या इमारतींकडे लक्ष जाण्यास लंडनमधील एक सराई कारण झाली. सेंट पॉल कॅथीड्रलजवळ 'ऑक्सफर्ड आर्म्स' नांवाची घोडागाड्यांच्या काळांतील जुनी सराई होती. मध्यें चौक व भोंवतीं लांकडी सज्जे अशी तिची रचना. ती पाडण्याचें ठरलें. सराई वांचविणें आपल्या हातीं नाहीं, निदान तिचें रूप तरी राखावें, अशा विचारानें १८७५ सालीं कांहीं मंडळींनीं जुन्या लंडनच्या अवशेषांचीं छायाचित्रें घेणारी एक संस्था काढली. १८८६ पर्यंत ह्या संस्थेनें १२० चित्रें प्रसिद्ध केलीं. त्या काळच्या साध्या छापांचा रंग कांहीं वर्षांत उडे, म्हणून तिनें न विटणाऱ्या कार्बन पद्धतीचे छाप काढविले. सराई केव्हांच गेली. तिच्या चौकाचें चित्र अजून पाहावयास मिळतें.

पॅरिसमध्यें असेंच काम ऑजेन आत्जे (१८५७-१९२७) ह्या एकट्या मनुष्यानें केलें. पूर्वीं तो नाटकमंडळींत नट होता. पुढें लांकडी कॅमेरा, तिवई व कांचेच्या जड प्लेटी बरोबर घेऊन तो सुमारें तीस वर्षें शहर पालथें घालीत राहिला. बोळ, जिने, दारें, दुकानांच्या खिडक्या आणि दुकानांवरील जुनीं चिन्हें यांकडे त्याचें विशेष लक्ष असे. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकांस दुकान सांपडावें म्हणून पूर्वीं युरोपांत ढोल, विहीर, सशस्त्र शिपाई अशीं चिन्हें दारांवर लावीत. घरांस क्रमांक पडले, लोक वाचूं लागले, आणि तीं एकामागून एक उतरविलीं जाऊं लागलीं. आत्जे आपल्या चित्रांस मोठी कला म्हणवीत नसे. चित्रकारांच्या उपयोगाचे दस्तऐवज म्हणून तो तीं विकी. त्याच्या मृत्यूनंतर बेरेनीस ॲबट ह्या अमेरिकन बाईनें त्याच्याजवळ उरलेल्या हजारों प्लेटी व छाप मिळवून सांभाळले, आणि तीच दृष्टि घेऊन १९३५ ते १९३९ ह्या काळांत बदलत्या न्यूयॉर्क शहराचीं चित्रें घेतलीं.

अमेरिकेंत ह्याच सुमारास सरकारही ह्या कामीं पुढें आलें होतें. १९२९ नंतरच्या मंदींत पुष्कळ वास्तुशास्त्रज्ञ व आराखडे काढणारे बेकार झाले होते. त्यांस काम द्यावें व देशांतील जुन्या इमारतींची नोंदही व्हावी, अशा दुहेरी हेतूनें १९३३ सालीं ऐतिहासिक इमारतींच्या पाहणीची एक योजना सुरू झाली. प्रत्येक इमारतीचे मोजमाप घेतलेले आराखडे, छायाचित्रें व लेखी माहिती अशीं तीन अंगें ह्या नोंदीस असतात, व हा सर्व संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें ठेवला जातो. ही योजना आजही चालू आहे. न्यूयॉर्कमधील पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ सालीं पाडावयास सुरुवात झाली; तिचीं चित्रें ह्याच योजनेखालीं आदल्या वर्षीं घेतलेलीं आहेत. तें स्टेशन गेल्याची हळहळ इतकी झाली कीं, १९६५ सालीं त्या शहरानें जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला.

आतां रस्त्यांवरील पाट्यांकडे वळूं. ह्यांची खरी वाढ मोटारीबरोबर झाली, व तीही विशेषेंकरून अमेरिकेंत. पायीं चालणारा मनुष्य दुकानापुढें थांबून लहान अक्षरेंही वाचूं शकतो. ताशीं चाळीस-पन्नास मैल वेगानें जाणाऱ्यास पाटी वाचावयास चारदोन सेकंदच मिळतात. तेवढ्या अवधींत 'येथें उतरा, येथें जेवा' हें त्याच्या मनावर ठसलें पाहिजे. म्हणून अक्षरें मोठीं झालीं, रंग भडक झाले, आणि पाटी इमारतीपेक्षांही उंच गेली. १९२५ सालीं कॅलिफोर्नियांत मोटारप्रवाशांसाठीं निघालेल्या एका उतारशाळेनें 'मोटर' व 'हॉटेल' हे शब्द जोडून 'मोटेल' हें नांव प्रथम घेतलें. १९२६ सालीं शिकागोपासून पश्चिमेकडे जाणारा सुमारें २,४०० मैलांचा प्रसिद्ध 'रूट ६६' अस्तित्वांत आला. दाढीचा साबण विकणाऱ्या बर्मा-शेव्ह कंपनीनें १९२५ पासून एक गंमतीची युक्ति काढली: रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर बहुधा सहा लहान पाट्या लावावयाच्या, प्रत्येकीवर कवितेचा एकेक तुकडा, आणि शेवटच्या पाटीवर मालाचें नांव. गाडींतील मुलें पुढची पाटी केव्हां येते म्हणून वाट पाहत. १९६३ सालीं ह्या पाट्या बंद झाल्या, कारण वाढलेल्या वेगांत त्या वाचणें कठीण होऊन बसलें होतें.

कित्येकांनीं तर इमारतीचीच पाटी केली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९३१ सालीं बदकें व त्यांचीं अंडीं विकण्यासाठीं एक दुकान बांधलें, तें सुमारें २० फूट उंचीच्या पांढऱ्या सिमेंटच्या बदकाच्या आकाराचें. त्याचे डोळे म्हणजे फोर्ड मोटारीचे मागचे दिवे. केंटकी, ॲरिझोना व कॅलिफोर्निया येथें तंबूच्या आकाराच्या सिमेंटच्या खोल्या असलेल्या उतारशाळा अजून उभ्या आहेत. विद्वानांनीं बरेच दिवस ह्या प्रकारास हिणकस म्हणून नांवें ठेविलीं. परंतु १९७२ सालीं रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन इझेनूर ह्या तिघांनीं लास व्हेगस शहरावर एक ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, ह्या इमारतींतही अभ्यासण्यासारखें पुष्कळ आहे. जिचा आकारच तिचा धंदा सांगतो ती इमारत एक, आणि साध्या खोक्यावर मोठी पाटी लावलेली इमारत दुसरी, असे दोन वर्ग त्यांनीं केले. पहिल्या वर्गास त्यांनीं 'बदक' हेंच नांव दिलें, व वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांत तें आजही रूढ आहे.

निऑनच्या पाट्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बंद कांचेच्या नळींतील हवा काढून तींत थोडासा निऑन वायु भरतात व उच्च दाबाची वीज सोडतात. तेव्हां नारिंगी-तांबडा प्रकाश पडतो. निळ्या व इतर रंगांसाठीं अर्गॉन वायु व पारा यांचा उपयोग करतात आणि नळीस आंतून निरनिराळे लेप देतात. जॉर्ज क्लोद ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१० सालीं पॅरिसच्या मोटारप्रदर्शनांत हा दिवा प्रथम लोकांस दाखविला. ह्या पाटीचें प्रत्येक अक्षर कारागिरास नळी ज्योतीवर तापवून हातानें वांकवावें लागतें. त्यामुळें एकाच्या हाताचें वळण दुसऱ्यास साधत नाहीं, व एकदां फुटलेली पाटी पुन्हा तशीच होणें दुर्घट असतें.

ह्या सर्व सृष्टीस उतरती कळा लागली ती १९५६ सालच्या कायद्यानें. त्या कायद्यान्वयें अमेरिकेंत ४१,००० मैलांचे नवे रुंद महामार्ग बांधावयाचें ठरलें. हे रस्ते गांवांस वळसा घालून जात. ठराविक ठिकाणांवांचून त्यांवरून उतरतां येत नसे. जुन्या रस्त्यावरील लहान खाणावळी व उतारशाळा ओस पडल्या. नव्या रस्त्यांच्या तोंडाशीं मोठ्या कंपन्यांचीं सर्वत्र एकसारखीं दिसणारीं हॉटेलें आलीं. १९८५ सालीं रूट ६६ हें नांवही सरकारी यादींतून काढण्यांत आलें.

अशा वेळीं जॉन मार्गोलिस (१९४०-२०१६) ह्या गृहस्थानें कॅमेरा घेऊन हे जुने रस्ते धुंडाळावयास आरंभ केला. १९६९ च्या सुमारापासून २००८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, भाड्याच्या मोटारींतून तो देशभर हिंडला. पेट्रोलचे पंप, मोटेलें, खाणावळी, चित्रपटगृहें व त्यांच्या पाट्या हाच त्याचा विषय. त्याची पद्धति अगदीं साधी होती. सकाळचें स्वच्छ ऊन व निळें आकाश असतांना, मनुष्यें व गाड्या टाळून, समोरून किंवा किंचित् बाजूनें तो चित्र घेई. त्याचीं ११,७१० रंगीत चित्रें आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहेत, आणि त्यांच्या वापरावर कसलेंही बंधन ठेवलेलें नाहीं. त्यांतील कित्येक इमारती आज जागेवर नाहींत. एखाद्या मनुष्यास आपल्या आजोबांच्या खाणावळीचें रूप पाहावयाचें असेल, तर कदाचित् ह्याच संग्रहांत तें सांपडेल.

ह्या कामीं एकानें प्राणही वेंचले आहेत. शिकागो येथील रिचर्ड निकेल (१९२८-१९७२) ह्यानें लुई सलिव्हन नामक थोर वास्तुशिल्पकाराच्या इमारतींचीं चित्रें विद्यार्थिदशेंत घेण्यास प्रारंभ केला. चित्रें घेतां घेतां त्याच्या लक्षांत आलें कीं, इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्यानें निषेध केला, फलक हातीं घेऊन रस्त्यावर उभा राहिला. त्याचा उपयोग होईना तेव्हां पडणाऱ्या इमारतींतून नक्षीचे तुकडे काढून तो जपून ठेवूं लागला. १३ एप्रिल १९७२ रोजीं शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या अर्धवट पाडलेल्या इमारतींत तो असेच तुकडे काढावयास गेला असतां वरचा भाग कोसळून तो गाडला गेला. सुमारें चार आठवड्यांनीं त्याचा देह सांपडला. त्या इमारतींतील व्यापाराचें दालन पुढें वांचविलेल्या भागांच्या आधारें शिकागोच्या कलासंग्रहालयांत पुन्हा उभारण्यांत आलें आहे. निकेलच्या निष्ठेपुढें मान लववावी; परंतु त्याच्या अंताकडे पाहून पडक्या इमारतींत पाऊल न टाकण्याचा धडाही घ्यावा. चित्र रस्त्यावर उभें राहूनही घेतां येतें.

सामान्य वाटणाऱ्या वस्तूची योग्यता पुढें कशी ठरते, ह्याचें उदाहरण आपल्या मुंबईंतच आहे. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस विद्यापीठ व हायकोर्ट यांच्या गॉथिक पद्धतीच्या इमारती आहेत. त्या थोर म्हणून पहिल्यापासून मान्य होत्या. पश्चिमेस व मरीन ड्राइव्हवर समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर १९३० नंतरच्या दशकांत भाड्याच्या बिऱ्हाडांच्या इमारती व चित्रपटगृहें झालीं. गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर भुंवयांसारखे छज्जे, आगबोटीच्या कठड्यासारखे सज्जे, आणि दर्शनी भागावर उठावदार अक्षरांत कोरलेलें इमारतीचें नांव, हीं त्यांचीं लक्षणें. रीगल (१९३३) व इरॉस (१९३८) हीं चित्रपटगृहें ह्याच पद्धतीचीं. तेथें राहणाऱ्यांस हीं आपलीं साधीं राहतीं घरें वाटत होतीं. परंतु अभ्यासकांनीं व रहिवाशांनीं त्यांचा पाठपुरावा केला, त्यांच्या नोंदी झाल्या, आणि ३० जून २०१८ रोजीं पूर्वेकडील गॉथिक व पश्चिमेकडील आर्ट डेको अशा दोन्ही रांगांस युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. ऐंशीं वर्षांपूर्वींच्या बिऱ्हाडांस हा मान मिळेल असें तीं बांधली जात असतां कोणासही वाटलें नसेल. ह्यावरून, कोणती वस्तु पुढें मोलाची ठरेल हें आज आपणांस कळत नाहीं, व म्हणून साध्या वस्तूंचीही नोंद ठेवणें शहाणपणाचें होय, हें उघड आहे.

आतां प्रत्यक्ष चित्र कसें घ्यावें हें थोडक्यांत सांगतों. ह्यासाठीं महाग यंत्र नको. घरांतील मोबाईल पुरे.

पहिली गोष्ट उभ्या रेषांची. उंच इमारत सगळी यावी म्हणून कॅमेरा वर कलविला कीं तिच्या उभ्या कडा वर जातां जातां एकमेकींकडे झुकतात, व इमारत मागें पडत आहे असा भास होतो. ह्याचें कारण असें कीं, कॅमेऱ्यांतील चित्र उमटण्याची पाठ व इमारतीची भिंत हीं समांतर राहत नाहींत. भिंतीचा वरचा भाग दूर पडतो व म्हणून लहान दिसतो. जुन्या लांकडी कॅमेऱ्यांत भिंग तेवढें वर सरकविण्याची सोय असे. आपण दूर जाऊन, किंवा समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून, कॅमेरा अगदीं सरळ धरावा म्हणजे काम भागतें.

दुसरी गोष्ट उजेडाची. भिंतीवर ऊन तिरपें पडलें म्हणजे नक्षी, कोरीव अक्षरें व विटांचे सांधे यांच्या सांवल्या पडून तीं उठून दिसतात. भर दुपारीं छज्ज्यांच्या लांब सांवल्यांत दर्शनी भाग झांकून जातो. म्हणून पूर्वेकडे तोंड असलेली इमारत सकाळीं व पश्चिमेकडे तोंड असलेली दुपारनंतर घ्यावी. उत्तरेकडील भिंतीस हिवाळ्यांत ऊन मिळत नाहीं. तिच्यासाठीं उन्हाळ्यांतील सकाळ अथवा ढगाळ दिवस बरा. निऑनची पाटी काळोख्या रात्रीं घेतली तर अक्षरें पांढरीं फटफटीत होतात व भोंवतालची इमारत दिसत नाहीं. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासांत, आकाशांत थोडा उजेड असतांना, दोन्ही नीट येतात. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्यामुळें असा दिवा सेकंदांत शंभर वेळां मंदावतो. यास्तव प्रकाश घेण्याचा अवधि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून कमी ठेवूं नये, नाहींतर पाटीचा कांहीं भाग काळपट येण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट चित्रांच्या संख्येची. एका इमारतीचीं निदान चार चित्रें असावीं: समोरून एक, कोपऱ्यांतून दोन बाजू दिसतील असें एक, शेजारच्या इमारतींसह रस्त्याचें एक, आणि पाटी, दार, कठडा अशा बारकाव्यांचें एक. पाटीचें चित्र अगदीं समोरून घ्यावें, म्हणजे अक्षरांचें वळण बिघडत नाहीं. इनॅमलच्या जुन्या पाट्यांचे टवके उडून गंज चढलेला असतो, हातानें रंगविलेल्या पाट्यांखालून जुनीं अक्षरें डोकावतात. तीं झांकूं नयेत, कारण पाटीचें वय तींच सांगतात. मार्गोलिस माणसें टाळीत असे. इमारतीचा आकार कळण्यास तें ठीक आहे. पण दुकानदार गल्ल्यावर बसला आहे, गिऱ्हाईक पायरीवर उभें आहे, असेंही एक चित्र त्यांच्या परवानगीनें घ्यावें. घर कोणासाठीं होतें हें त्यावरून समजतें.

चौथी गोष्ट सत्याची, व ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. हल्लीं संगणकाच्या साहाय्यानें कधीं अस्तित्वांतच नसलेल्या घराचें हुबेहूब चित्र क्षणांत तयार होतें. घेतलेल्या चित्रांतून विजेच्या तारा, कचऱ्याची पेटी, नको असलेली मोटार पुसून टाकणें तर हातचा मळ झाला आहे. शोभेच्या चित्रांत तें चालेल. परंतु नोंदीसाठीं घेतलेलें चित्र ही एक साक्ष आहे, आणि साक्षीदारानें पाहिलें तेंच सांगावें. तार होती तर ती असूं द्यावी. पन्नास वर्षांनीं कोणी ती तार पाहूनच त्या गल्लींत वीज कशी आली होती हें सांगेल.

प्रत्येक चित्राबरोबर वहींत पांच गोष्टी टिपाव्या: तारीख व वेळ, गांव, रस्ता व घराचा क्रमांक, इमारत कोणत्या दिशेस तोंड करून आहे, तिचा आज काय उपयोग होतो, आणि तेथील वडीलधाऱ्या माणसांनीं तिजविषयीं काय सांगितलें. ज्या चित्रावर ठिकाण व तारीख नाहीं तें कितीही सुंदर असलें तरी अर्धें मुकें असतें. मग अजिंठ्याच्या जळलेल्या प्रती आठवून चित्रांच्या दोन तरी प्रती निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, व निवडक चित्रें कागदावर छापून घ्यावीं. यंत्रें बदलतात, बिघडतात, हरवतात. कागद डोळ्यांनीं वाचतां येतो. खाजगी जागेंत विचारल्याशिवाय शिरूं नये. लष्करी जागा, विमानतळ वगैरे ठिकाणीं जेथें मनाई असेल तेथें कॅमेरा काढूं नये, हें सांगणें नकोच.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरांतील लग्नांचीं, बारशांचीं, सहलींचीं जुनीं छायाचित्रें एकदां बाहेर काढावीं व माणसांच्या मागें काय आहे तें मुलांस दाखवावें. एखाद्या चित्रांत मागें बंद पडलेल्या टॉकीजची पाटी दिसेल, एखाद्यांत पाडलेल्या धर्मशाळेची कमान, एखाद्यांत रस्ता रुंद करतांना गेलेली दुकानांची ओळ. त्यांचीं नांवें व सालें आज तुम्हांस ठाऊक आहेत. तीं चित्राच्या पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवावीं. तुमच्यानंतर तीं सांगणारें कोणी राहणार नाहीं.

इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून गेले तेव्हां यहोशवानें नदीच्या पात्रांतून बारा धोंडे आणून गिलगाल येथें उभे केले. हेतु हा कीं, पुढें मुलांनीं ह्या धोंड्यांचा अर्थ काय म्हणून आपल्या वडिलांस विचारावें व वडिलांनीं तो सांगावा. धोंडे उभे असले तर मूल विचारील. धोंडेच नाहींसे झाले तर प्रश्नही निघणार नाहीं. प्रत्येक जुनी इमारत राखणें आपल्या हातीं नाहीं, आणि तशी अपेक्षाही करतां येणार नाहीं. राहत्या माणसांस चांगलीं व सुरक्षित घरें हवींतच. परंतु तिचें एक खरें, तारीखवार चित्र ठेवणें हें शाळेंतील मुलासही शक्य आहे. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गल्लींतील एक तरी इमारत व एक तरी पाटी निवडून हें काम करावें, आणि चित्र व टिपण शाळेच्या ग्रंथालयांत आणून द्यावें, अशी आमची शिफारस आहे. दहा वर्षांत त्या संग्रहाचें मोल काय होईल तें ज्याचें त्यास दिसेल.